तालुक्याच्या गावात चेंबर काढायचे, तर सभासद कोणाला म्हणायचे?

गेल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आम्हाला बोलावणे आले. आम्ही तिघे-चौघे समाजकार्यकर्ते बचत गट, शिष्यवृत्त्या आणि कर्जप्रकरणांच्या कागदपत्रांच्या निमित्ताने त्या भागात नेहमी फिरत असतो. निरोप असा होता : "आपल्या धंदेवाल्या लोकांचे चेंबर ऑफ कॉमर्स काढायचे आहे, कागदपत्रांचे सांगायला या." सायंकाळी विहारात अकरा जण जमले. मोबाइल दुरुस्तीवाला, मंडप-डेकोरेशनवाला, इलेक्ट्रिकचे दुकान चालवणारे दोघे भाऊ, जेसीबी भाड्याने देणारा एक तरुण, पंक्चरची टपरीवाला, ब्यूटी पार्लर चालवणारी एक ताई, शेवया-पापडाचा घरगुती उद्योग करणाऱ्या दोन मावशी आणि आठवडी बाजारात कटलरीचे दुकान लावणारे दोघे.

गावात व्यापारी महासंघ आधीपासून आहे. बंद पुकारला की या अकराही जणांची दुकाने बंद होतात. दिवाळीत दुकाने किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची, रस्त्याच्या कामात कोणती बाजू आधी खोदायची, पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत व्यापाऱ्यांतर्फे कोणी बसायचे, हे सगळे महासंघ ठरवतो. मात्र बैठकीचा निरोप यांच्यापैकी कोणालाही कधी आलेला नाही. मोबाइलवाल्याने दोन वर्षांपूर्वी सभासद होण्यासाठी अर्ज दिला होता. त्याला नियम दाखवण्यात आला : मुख्य बाजारपेठेत स्वतःच्या मालकीचे किंवा नोंदणीकृत भाडेकराराचे दुकान असले पाहिजे. त्याचे दुकान बसस्थानकामागे आहे आणि भाडे तोंडी ठरलेले आहे.

त्या नियमात जातीचा उल्लेख कोठेही नाही. तो लिहिणाऱ्याच्या मनात ती होती, असेही आम्ही म्हणणार नाही. पण मुख्य बाजारपेठेतले गाळे तीन-तीन पिढ्या त्याच घरांकडे आहेत. विकायला निघाले तर आपसांतच विकले जातात आणि भाड्याने द्यायचे झाले तर 'ओळखीतल्या' माणसालाच मिळतात. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही जे मोठमोठे शब्द शिकलो होतो, ते इथे एका ओळीच्या नियमात उतरलेले दिसले. २००५ च्या आर्थिक गणनेच्या आकड्यांवर लक्ष्मी अय्यर, तरुण खन्ना आणि आशुतोष वार्ष्णेय यांनी अभ्यास केला होता. त्यात देशातल्या उद्योग-व्यवसायांपैकी ९.८ टक्केच अनुसूचित जातींच्या मालकीचे निघाले, तर लोकसंख्येतला त्यांचा वाटा १६.४ टक्के होता. म्हणजे आधीच कमी असलेल्या दुकानदारांतलेही कितीतरी 'व्यापारी' या शब्दात बसत नाहीत.

म्हणून त्या बैठकीत आम्ही सांगितले की नोंदणी कशी करायची हे नंतर पाहू. आधी चेंबर म्हणजे काय, हे समजून घेऊ.

चेंबर ऑफ कॉमर्स ही स्वतः व्यापार करणारी संस्था नाही. ते कर्ज देत नाही, माल विकत नाही, नफा वाटत नाही. पतसंस्था, बचत गट, सहकारी सोसायटी या वेगळ्या गोष्टी आहेत. चेंबरचे काम आहे व्यापाऱ्यांच्या वतीने बोलणे, माहिती आणणे, प्रशिक्षण देणे, आपसांतली देण्याघेण्याची भांडणे कोर्टाबाहेर मिटवणे. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात १५९९ साली असे मंडळ स्थापन झाले, तेथून हे नाव आणि ही पद्धत पुढे आली. मुंबईत बॉम्बे चेंबर १८३६ साली झाले, त्यात युरोपीय व्यापाऱ्यांचा वरचष्मा होता. देशी व्यापाऱ्यांनी १९०७ साली इंडियन मर्चंट्स चेंबर काढले. १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर झाले, तर १९३४ साली पुण्यात मराठा चेंबर. ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट दिसते. आधीच्या चेंबरमध्ये ज्यांचे ऐकले जात नव्हते, त्यांनी पुढचे काढले. तेव्हा बसस्थानकामागच्या लोकांच्या मनात तोच विचार आला, तर त्यात आगळेवेगळे काही नाही.

पण नुसता फलक लावून काय मिळणार, असे पंक्चरवाल्या काकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे एक ठोस उत्तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात आहे. या कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते. नगरपरिषदेत मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतात. समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या. त्यांत अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि अपंग यांनाही योग्य प्रतिनिधित्व द्यावे लागते. उरलेल्या नामनिर्देशित जागांवर पोलीस, बँका, रहिवासी संघ यांच्याबरोबर बाजार संघ आणि व्यापारी संघ यांचाही उल्लेख कायद्यात आहे. हातगाडीला जागा कोठे, 'ना-फेरीवाला क्षेत्र' कोणते, याची चर्चा या समितीत होते. व्यापारी संघाच्या खुर्चीवर जर फक्त मुख्य बाजारपेठेचा माणूस बसला, तर आपल्या दुकानासमोरची हातगाडी त्याला अडचणच वाटणार. ती खुर्ची मागण्याचा हक्क नोंदणीकृत संघालाच सांगता येतो, पाच-पन्नास सुट्या माणसांना नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते, तेथेही उद्योजकांच्या संघटनाच बोलतात. एकट्या शेवयावाल्या मावशींना तेथे कोण बोलावणार?

इथपर्यंत सगळे एकमताने चालले होते. नावाचा विषय निघाला आणि सभा तापली.

जेसीबीवाल्या तरुणाचे म्हणणे होते की नावात बाबासाहेबांचे नाव आणि 'बौद्ध' हा शब्द असलाच पाहिजे. लपवायचे कशासाठी? इलेक्ट्रिकवाल्या भावांतला धाकटा बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, "दादा, माझ्या दुकानावर आडनाव नाही. मुद्दाम नाही. तुमच्या चेंबरचा फलक लागला की सभासदांची यादी लागेल, आणि यादी लागली की गिऱ्हाईक मोजून कमी होईल." यावर कोणी लगेच काही बोलले नाही, कारण खोलीतल्या बहुतेकांच्या दुकानावर आडनाव नव्हते. तुम्हीही आपल्या गावातल्या पाट्या आठवून पाहा. एखादे फुलाचे नाव, मुलीचे नाव, 'न्यू', 'स्टार', 'महाराष्ट्र' असे काहीतरी दिसेल. शेजारच्या दुकानावर मात्र तीन पिढ्यांची नावे 'अँड सन्स'सह झळकत असतात.

त्या मुलाची भीती पोकळ नाही आणि नवीही नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन मुंबईत परतल्यावर खुद्द बाबासाहेबांनी शेअर आणि गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञाची ही गोष्ट आहे. ज्ञान कमी पडले म्हणून ते दुकान बंद पडले नव्हते.

स्वतंत्र संघटना काढावी की सर्वांच्या संघटनेत शिरावे, हा वादही आपल्यापुरता नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ज्या देशातल्या गुलामगिरीविरोधकांना अर्पण केली, त्या अमेरिकेत १९०० साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी बोस्टन येथे नॅशनल निग्रो बिझनेस लीग स्थापन केली. तिच्या स्थानिक शाखा छोट्या छोट्या गावांत निघाल्या. न्हावी, किराणा दुकानदार, शिंपी, अंत्यविधीचे साहित्य पुरवणारे असे लोक तिचे सभासद होते. आपल्याकडे २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, काढली आणि 'दलित' हा शब्द नावात ठेवला. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात मंत्रालये आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून घ्यावा, असे आले. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत डिक्की होती. २०१६ साली स्टँड-अप इंडिया योजना आली. तिच्यात प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि किमान एका स्त्री उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत कर्ज द्यावे असे ठरले. अशा मागण्या दिल्लीत मांडायच्या तर नावातूनच ओळख सांगावी लागते. तेथे ते बरोबरच आहे.

तालुक्याच्या गावाचे गणित वेगळे आहे, असे आमचे मत झाले आणि ते आम्ही तेथे स्पष्ट बोललो. दिल्लीत मागणी सरकारकडे असते. गावात गिऱ्हाईकही शेजारीच राहते. शिवाय बसस्थानकामागे आपलीच दुकाने आहेत असे नाही. बागवानांची फळांची गाडी आहे, तांबोळ्यांचे पानाचे दुकान आहे, वडार आणि कैकाडी समाजाचे लोक पाटे-वरवंटे, टोपल्या विकतात, घिसाडी विळे-कुऱ्हाडी शेकतो. महासंघाच्या नियमाने हे सगळेच बाहेर राहिले आहेत. तेव्हा बाहेर राहिलेल्या सर्वांचे चेंबर काढावे आणि त्यात पुढाकार आपला असावा. सगळ्यांना हे पटले नाही. जेसीबीवाला तरुण म्हणाला, "म्हणजे पुन्हा आडनाव लपवलेच ना?" त्याला आमच्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नव्हते. आजही नाही.

नावाबाबत एक कायद्याची बाजूही आहे, ती आपल्या वाचकांना उपयोगी पडेल. आयकर कायद्यात एखाद्या विशिष्ट धार्मिक समुदायाच्या किंवा जातीच्या लाभासाठी काढलेल्या धर्मादाय संस्थेला करसवलत मिळण्यात अडचण येते. मात्र अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग आणि स्त्रिया-मुले यांच्यासाठीची संस्था त्या अर्थाने 'जातीची' मानली जात नाही, असा खुलासाही त्याच कायद्यात आहे. म्हणजे उद्दिष्टांत 'फक्त बौद्धांसाठी' लिहिले तर एक परिणाम होतो आणि 'अनुसूचित जातीच्या उद्योजकांसाठी' लिहिले तर दुसरा. माणसे तीच असतात. घटना छापण्याआधी हे वाक्य एखाद्या सनदी लेखापालाला दाखवून घ्यावे.

उद्दिष्टांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९६५ सालचा आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सचा निकाल फार कामाचा आहे. व्यापार, उद्योग आणि वाणिज्य यांना चालना देणे हे सार्वजनिक हिताचे काम आहे, त्याचा लाभ केवळ सभासदांपुरता राहत नाही, अशी भूमिका न्यायालयाने त्यात घेतली. म्हणून घटनेत 'सभासदांचे हित जपणे' असे पहिले उद्दिष्ट लिहू नये. 'तालुक्यातील व्यापार, सेवा व लघुउद्योगांना चालना देणे' असे लिहावे. शिवाय ते लिहिल्याने आपण ते मान्यही करतो, आणि उद्या कोणी नवा माणूस दारात आला तर त्याला भाडेकरार मागता येत नाही.

आता नोंदणी. दोन मार्ग आहेत. एक, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढणे, त्याला किमान सात माणसे लागतात. दुसरा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढणे. त्या कलमातल्या उद्दिष्टांच्या यादीत पहिलाच शब्द वाणिज्य हा आहे, त्यामुळे मार्ग योग्यच आहे. पण दरवर्षीचे लेखापरीक्षण, कंपनी निबंधकाकडची विवरणपत्रे, डिजिटल सह्या हा खर्च तालुक्याच्या चेंबरला झेपत नाही. आम्ही पहिला मार्ग सुचवला. जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय आयुक्त कार्यालयातच हे काम होते. संस्थेचे ज्ञापन, नियम व नियमावली, पहिल्या सभेचा ठराव, कार्यकारिणीची यादी आणि सह्या, कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागामालकाचे संमतीपत्र, एवढे मुख्य कागद लागतात. जागेच्या संमतीपत्रावरच अनेकांचे गाडे अडते. इथेही तेच झाले. शेवटी पार्लरवाल्या ताईंनी आपल्या घराची पुढची खोली दिली.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो सभासदत्वाच्या कलमावर. कोणीतरी तयार नमुना आणला होता, दुसऱ्या तालुक्यातल्या संघाचा. त्यात महासंघाचाच नियम जवळजवळ जसाच्या तसा होता. फक्त गावाचे नाव बदलले होते! नमुना घेऊन नाव बदलण्याची ही सवय फार महागात पडते. आम्ही एकेक धंदा घेऊन विचारत गेलो. आठवडी बाजारात बसणारा व्यापारी आहे का? आहे. घरी पापड लाटून विकणारी? आहे. जेसीबी भाड्याने देणारा माल विकत नाही, तरी सेवा विकतो. मग पुरावा काय मागायचा? छोट्या दुकानांना आता दुकाने व आस्थापना कायद्याखाली पूर्वीसारखा गुमास्ता परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन सूचना दिल्याची पोच मिळते. ती चालेल. उद्यम नोंदणी चालेल, खाद्यपदार्थांसाठीची अन्न सुरक्षा नोंदणी चालेल, पथविक्रेत्याचे प्रमाणपत्र किंवा सर्वेक्षणात नाव असल्याची पावती चालेल. यातले काहीच नसेल तर दोन सभासदांची शिफारस घ्यायची आणि सहा महिन्यांत यातला एक कागद काढून द्यायला चेंबरने मदत करायची. यातून आणखी एक गोष्ट साधते. ज्याच्याकडे कधीच कागद नव्हता, त्याच्या हाती पहिला सरकारी कागद चेंबरमुळे येतो.

वर्गणी आणि मत यांची सांगड कधीही घालू नये. काही संघांत 'आश्रयदाता', 'आजीव', 'साधारण' असे वर्ग करतात आणि साधारण सभासदाला मतच नसते. देणगी कितीही घ्या, मत एकाला एकच. आणि इथे १८६० च्या कायद्यातले एक जुने कलम लक्षात ठेवायला हवे. कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. कलम साधे आहे, पण त्याचा वापर कसा होतो ते पाहा. वर्षभर कोणी वर्गणी मागायला येत नाही, पावती पुस्तक अध्यक्षांच्या तिजोरीत असते, आणि निवडणुकीच्या आधी अचानक थकबाकीदारांची यादी लागते. यादीत नेमके छोटे लोक असतात. म्हणून वर्गणी दरमहा, लहान रकमेची ठेवावी. मावशींनी सुचवले, बचत गटासारखी. पावती जागेवर फाडावी. गटांच्या बायकांना हा हिशेब पाठ असतो, त्यामुळे खजिनदार कोणाला करायचे हा प्रश्न तेथेच सुटला.

नोंदणी झाल्यावर बहुतेक संघ झोपतात. दर निवडणुकीनंतर नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो दिला जात नाही. मग परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर वीस वर्षांपूर्वीची नावे राहतात. त्यांतले काही वारलेले असतात, काही पुण्याला मुलाकडे गेलेले असतात. बँक खात्यावरच्या सह्या बदलत नाहीत. कोणी तक्रार केली की दोन गट पडतात आणि दोन्ही गट स्वतःला खरे म्हणत वर्षानुवर्षे तारखांना जातात. आपल्या समाजाच्या किती तरी संस्था, वसतिगृहे, वाचनालये याच एका अर्जापायी अडकून पडलेली आम्ही पाहिली आहेत. नियमावलीत आम्ही लिहून घेतले की सचिवाने निवडणुकीच्या पुढच्या मासिक सभेत बदल अर्जाची पोच ठेवावी, नाही ठेवली तर त्या सभेत दुसरा कोणताही विषय घेऊ नये. अध्यक्षाला लागोपाठ दोनच मुदती, हेही घातले. त्यावर मंडपवाल्या दादांनी थोडी कुरकुर केली, कारण अध्यक्ष तेच होणार होते.

नाव ठरायला आणखी दोन बैठका लागल्या. शेवटी तालुक्याचे नाव आणि पुढे 'लघु व्यापारी व सेवा उद्योजक संघ' असे ठरले. जेसीबीवाल्या तरुणाने एक अट घातली, ती सर्वांनी मान्य केली. दर १४ एप्रिलला संघाच्या फलकाखाली बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रावर एक जाहीर व्याख्यान होईल आणि त्याच्या पत्रिकेवर सर्व सभासदांची नावे आडनावासह छापली जातील. इलेक्ट्रिकवाला धाकटा भाऊ म्हणाला, पहिल्या वर्षी माझे नाव शेवटी टाका. बागवान चाचा म्हणाले, माझे त्याच्या वर टाका.

अर्ज गेला तेव्हा अकराचे सव्वीस झाले होते. पहिल्यांदा तो परत आला, दोन जणांच्या सह्या आधार कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हत्या. दुसऱ्यांदा स्वीकारला गेला. प्रमाणपत्राची वाट न पाहता त्यांनी नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना एक पत्र दिले आहे : नगर पथविक्रेता समिती गठित झाली आहे का, झाली असल्यास तिचे सदस्य कोण, आणि शेवटची बैठक कधी झाली. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली त्या पत्राची प्रत पार्लरच्या पुढच्या खोलीत, आरशाशेजारी लावून ठेवली आहे.